‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठं? मदत व पुनर्वसन मंत्र्यांना एका बेदाणेवाल्याचं खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
मदत व पुनर्वसन, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : उन्हाळी पाऊस-वादळाचे इशारे महसूल मंडळनिहाय (म्हणजे काही गावांच्या महसुली गटानुसार), वेळेसह आणि हवेतल्या दमटपणाच्या आकड्यासह मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

मी कवठे महांकाळ तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. माझा बहुतेक माल पेटीत भरून मुंबई-दिल्लीला जात नाही, शेडवर जातो आणि बेदाणा होऊन तासगावच्या सौद्यात उतरतो. रत्नागिरी-नागपूर महामार्गानं मिरजेकडून सांगोल्याकडे आपण कधी गेला असाल, तर नागज-जुनोनीच्या माळावर दोन्ही अंगांना लांबच लांब उघडी शेडं दिसली असतील. या माळाला पाऊस टाळून जातो, ही एरवीची आमची रड. पण फेब्रुवारी ते एप्रिल त्याच माळावर जे कोरडं वारं वाहतं, त्यावर आमचा संसार चालतो. दुष्काळानं दिलेली एवढी एकच गोष्ट आम्ही विकून खातो म्हणा ना.

काम असं असतं. घड काढले की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढायचे, म्हणजे मण्याच्या सालीवरची मेणाची पुटी सुटते आणि पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग शेडमधल्या जाळ्यांवर एकावर एक थर पसरायचे. वरून सावली, बाजूनं वारं. हवा कोरडी असली की बारा-पंधरा दिवसांत माल तयार. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. रंग हिरवट-पिवळा राहिला तर व्यापारी मूठभर उचलून हसतो, काळवंडला तर मूठ तशीच परत सोडतो. त्या दोन मुठींमधल्या फरकात आमचं वर्ष जातं.

आणि हा रंग पावसाच्याही आधी दमट हवेनं जातो. हे मी आपल्याला मुद्दाम सांगतोय, कारण हवामानाच्या इशाऱ्यात पाऊस असतो, वारा असतो, विजा असतात. दमटपणाचा शब्द क्वचितच असतो.

मागच्या एप्रिलची गोष्ट. माझ्याकडे दोन शेडांत माल होता, एकातला अकराव्या दिवसाचा, दुसऱ्यातला चौथ्या. मोबाइलवर रोज संदेश यायचा : जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता, वारा ताशी ३० ते ४० किलोमीटर, यलो अलर्ट. पाच दिवस रोज तोच मजकूर. पहिल्या दिवशी आम्ही चारही बाजूंनी ताडपत्र्या सोडल्या. ताडपत्री सोडली की वारं थांबतं, आत वाफ कोंडते, माल घामेजतो. संध्याकाळपर्यंत पाऊस नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी शेडवरचा गडी म्हणाला, मालक, पावसानं जाईल तेव्हा जाईल, ह्या ताडपत्रीनं आत्ताच चाललाय. तिसऱ्या नि चौथ्या दिवशी उघडं ठेवलं, ऊन पडलं, आम्ही शहाणे ठरलो. पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला जुनोनीच्या बाजूनं धुळीची भिंत उठली. ताडपत्रीच्या दोऱ्या सोडेपर्यंत पहिला सपकारा आत. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. आधीचा, तयार होत आलेला माल खालच्या तीन थरांपर्यंत भिजला होता. हात लावला की बोटाला चिकटायचा. आठवडाभरानं तो काळा म्हणून विकला, निम्म्या भावात.

पंचनाम्याला म्हणून गेलो. तलाठी भाऊसाहेब (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण जीभ वळत नाही) चांगला माणूस. कागद उलटसुलट करून म्हणाले, बाग उभी असती आणि गारा लागल्या असत्या तर रकाना आहे. काढलेल्या मालाला, शेडमधल्या, माझ्याकडे रकाना नाही. म्हणजे माल वेलीवर असला तर शेती आणि जाळीवर आला की ती काय असते, ते कुणी ठरवलेलंच नाही. हा रकाना उघडणं आपल्या खात्याच्या हातात आहे. पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. भरपाईचं बोलणं नंतर.

मला बोलायचंय त्या संदेशाबद्दल. आमच्याकडे सगळे म्हणतात, हवामानवाले फेकतात. मीही म्हणायचो. मग एकदा नीट विचारून घेतलं, तर कळलं की ‘तुरळक ठिकाणी’ हा मोजून-मापून ठरवलेला शब्द आहे. भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस पडला तर तो ‘तुरळक’. २६ ते ५० टक्के झाला तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ झाला तर ‘बऱ्याच ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’ असं लिहून आलं की चारातली तीन ठिकाणं कोरडी राहणार, हे त्या शब्दातच आहे. अंदाज देणाऱ्यानं खरंच सांगितलं, आमच्यापर्यंत पोचताना त्याचा अर्थ गळून पडला. यलोचंही तसंच. हवामान खात्याच्या रंगांत यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कामाला लागा. आम्ही यलोलाच ताडपत्री सोडत होतो आणि मग चिडून ऑरेंजलाही सोडत नव्हतो.

इशारा निदान जिल्ह्याचा असतो. टीव्हीवरचा अंदाज तर ‘मध्य महाराष्ट्रा’चा, आणि हवामान खात्याचा मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंतचा सगळा पट्टा. इतक्या मोठ्या मुलखात कुठंतरी गडगडणारच की!

वळवाचं गणित अवघड आहे, हे मला मान्य आहे. मार्च ते मे या महिन्यांत विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकातून थेट तमिळनाडूच्या बाजूला हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा पडतो. त्याच्या पूर्वेला बंगालच्या उपसागरावरून आलेली ओलसर हवा, पश्चिमेला उत्तरेकडून उतरणारी तापलेली, कोरडी हवा. हा पट्टा एका जागी बसत नाही. पूर्वेला सरकला की आमची शेडं खुशीत. पश्चिमेला, आमच्या अंगावर आला की सकाळपासून गदगदायला लागतं, सदरा पाठीला चिकटतो आणि दुपारनंतर माळावर ढगांचे मनोरे उभे राहतात. त्यातच वर उत्तरेकडून एखादा पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून हिमालयाकडे सरकणारी वादळी हवा) थंड हवा घेऊन गेला की गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ध्याहून अधिक महाराष्ट्रानं ते भोगलंय. ढगाचा एकेक मनोरा पाच-दहा किलोमीटरचा, आयुष्य तासा-दीड तासाचं. तो परवा नागजवर फुटेल की घाटनांद्र्यावर, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टम सहा किलोमीटरच्या चौकटीत बघते; आधीची बारा किलोमीटरची होती. प्रगतीच आहे. पण आमचा ढग त्या चौकटीएवढाच, त्यामुळं गावाचं नाव मी मागत नाही.

मी मागतोय ते दुसरं आहे. ढग कुठं फुटेल हे दोन दिवस आधी कळत नसलं, तरी तो पट्टा आमच्याकडे सरकतोय आणि हवा दमट होणार, हे कळतं. दोन-तीन दिवस आधी कळतं. आणि माझ्या मालाला तेवढं पुरतं.

शेडमध्ये मी दमटपणा दाखवणारा एक साधा काटा टांगलाय. अकरा हंगाम झाले, रोज सकाळी आठला आणि दुपारी तीनला वहीत आकडा उतरवतो, शेजारी वाऱ्याची दिशा आणि आभाळ कसं होतं ते. मार्चच्या चांगल्या दिवशी दुपारचा आकडा वीस टक्क्यांच्या आसपास असतो. तो लागोपाठ दोन दुपारी चाळीसच्या वर गेला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजूबाजूच्या पंधरा-वीस किलोमीटरांत कुठंतरी वळीव झालेलाच आहे. माझ्यावर पडेलच असं नाही. पण त्या दोन दिवसांत मी नवीन घड काढत नाही, बागेत मजूर लावत नाही, अकराव्या दिवसाचा माल झाडून आत घेतो. मागच्या एप्रिलमध्ये वहीत आकडा चढलेला दिसत होता. मी वही बघायची सोडून मोबाइलवरच्या रोजच्या त्याच मजकुराला वैतागलो आणि शेड उघडं ठेवलं, ही माझी चूक.

आता राज्यात महावेध या सरकारी हवामान प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत. ती पाऊस आणि तापमानाबरोबर दमटपणा नि वाराही मोजतात. आमच्या मंडळातलं केंद्र माझ्या शेडपासून मोटारसायकलनं दहा मिनिटांवर आहे. त्यातला आकडा पीकविम्याच्या कागदांत बघितलाय, मोबाइलवर आजवर कधी आला नाही. तो रोज दुपारी तीनला, त्या मंडळातल्या शेतकऱ्यांना, एका ओळीत मराठीत मिळावा. ‘आज दुपारी दमटपणा ४२, काल ३८, परवा २१.’ बाकीचं आम्ही बघून घेतो.

दुसरं, रडारवर ढग उभा राहिलेला दिसला की हवामान खातं पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा काढतं. हा सगळ्यात कामाचा, आणि हाच आमच्यापर्यंत उशिरा पोचतो. जिल्ह्याच्या ग्रुपवर, तिथून तालुक्याच्या, तिथून कुणीतरी फोटो काढून पाठवतो, तोवर अंगण ओलं. ताडपत्र्या सोडायला मला चाळीस मिनिटं लागतात, चार माणसं असतील तर. ‘पुढील तीन तासांत’ या शब्दांच्या जागी ‘साडेतीन ते साडेपाच’ असं आणि जिल्ह्याच्या जागी मंडळांची नावं आली, तर ती चाळीस मिनिटं मला सापडतील.

हवामान खातं केंद्राचं, हे मला ठाऊक आहे. कृषी विज्ञान केंद्रांतली जिल्हा कृषी हवामान केंद्रंही केंद्राच्याच निर्णयानं २०२४ मध्ये बंद झाली, देशभरातली १९९. तिथला माणूस मंगळवारी-शुक्रवारी सल्ला द्यायचा, आणि मुख्य म्हणजे फोन उचलायचा. ‘घड काढू का थांबू’ असं विचारलं तर ‘दोन दिवस थांबा’ म्हणायचा. एवढं तीन शब्दांचं उत्तर आता देणारं कुणी नाही. राज्यानं आपल्या खर्चानं जिल्ह्याला असा एक माणूस नेमला तर केंद्र काही अडवणार नाही.

हे फक्त बेदाण्याचं दुखणं आहे असं वाटू नये म्हणून खारघरची आठवण देतो. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. भर उन्हात मैदानावर बसलेल्यांपैकी १४ जण गेले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. आमच्या माळावर ३८ म्हणजे बरा दिवस. पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही. आपली उष्णतेच्या लाटेची व्याख्या मात्र पाऱ्यावरच बेतलेली आहे : किनाऱ्याला किमान ३७, मैदानाला ४०, आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त. दमटपणा तिथंही बाहेरच उभा.

विजेचं वेगळं सांगायला हवं. आमच्या माळावर मेंढरं घेऊन फिरणारी धनगरांची पोरं असतात. ‘दामिनी’ ॲप आयआयटीएमचंच, चाळीस आणि वीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर सांगतं. चांगलं आहे, माझ्या फोनमध्ये आहे. पण मेंढक्याचा फोन बाभळीला टांगलेल्या पिशवीत असतो, चार्जिंग वाचवायला नेट बंद. दोन वर्षांमागं आमच्या शिवारात एक पोरगा असाच लिंबाखाली टेकला. पाऊस अजून आला नव्हता, नुसतं गडगडत होतं. आम्ही पळत गेलो तेव्हा त्याच्या भोवती सात मेंढरं पडलेली, आणि कुत्रं तेवढं उभं होतं. २०२२ या एका वर्षात देशात विजेनं २,८८७ माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. घरच्यांना चार लाख मिळतात, मिळावेतच. पण प्रत्येक गावात देवळावर नाहीतर ग्रामपंचायतीवर एक भोंगा असतो. तीन तासांचा इशारा आला की तो वाजवायचा, एवढा एक आदेश ग्रामपंचायतींना गेला तर माळावर पिशवीतल्या फोनची गरज पडणार नाही. भोंगा दोन-तीन वेळा फुकट वाजेल. वाजू दे. मेंढक्याला ताडपत्री सोडायची नसते, नुसतं झाडाखालून उठायचं असतं.

अंदाज चुकला म्हणून मी कुणावर फिर्याद करणार नाही, आमची बागही दरवर्षी सांगितल्यासारखी पिकत नाही. यंदाचा माल अजून महिनाभर जाळीवर राहील. कालच्या दुपारी काटा ३६ वर होता, वारं पूर्वेचं.

सोबत माझ्या वहीच्या गेल्या तीन हंगामांच्या पानांची झेरॉक्स जोडली आहे. अक्षर वाईट आहे. काही पानांवर द्राक्षाचे डाग पडलेत, तिथला आकडा वाचता आला नाही तर सोडून द्यावा.

आपला,
एक बेदाणा उत्पादक
ता. कवठे महांकाळ, जि. सांगली