वरच्या खोलीतल्या ताईस

प्रिय ताई,

आमच्या घरी तुला सगळे ताईच म्हणतात, म्हणून इथेही तेच. तू खोली सोडलीस त्या दिवशी टेम्पो, सामान, डिपॉझिटचा हिशोब या गडबडीत नीट बोलणंच झालं नाही. राहून गेलेले आभार आज सगळ्यांसमोर मानते.

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं पावलोपावली दिसतात. कॉट बेसिसवर राहायचं, मेसचं जेवायचं, दिवसभर अभ्यासिकेत बसायचं. तूही त्यांच्यातलीच. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हा तू रोज घड्याळ लावून उत्तरं लिहीत होतीस. आमचा दहावीतला मुलगा काही द्यायला वर आला की ते बघत दारातच रेंगाळायचा. तू त्याला हाकललं नाहीस, त्याबद्दल पहिले आभार. तुझा एकेक तास मोलाचा होता, हे मला ठाऊक आहे.

तो बसत नव्हता असं नाही. तासन् तास बसायचा, पिवळ्या हायलायटरने पानंच्या पानं रंगवायचा आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की गप्प. तू त्याला गुरुत्वाकर्षणाचा धडा वाचायला लावलास, पुस्तक मिटायला सांगितलंस आणि जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पुढ्यात ठेवलंस. आठवतंय तेवढं सगळं लिही म्हणालीस. केप्लरचे पहिले दोन नियम आले, तिसरा अडला. मुक्तिवेग सेकंदाला 11.2 किलोमीटर हे पाठ होतं, पण सूत्र कसं येतं ते सुचेना. रडवेला झाला होता अगदी. तू रागावली नाहीस, समजूतही घातली नाहीस. लाल पेन दिलंस. "जे राहिलं ते पुस्तकात बघून लाल पेनाने लिही. उद्या फक्त लाल वाच आणि परवा पुन्हा कोरं पान घे."

ती कॅलेंडरची पानं मी अजून टाकलेली नाहीत. पहिल्या पानावर लाल जास्त, मग कमी कमी होत गेलेलं स्पष्ट दिसतं. पुढे माझ्या वाचनात आलं की अमेरिकेत रोडिगर आणि कारपिके या दोघांनी 2006 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. तुला हे बहुधा लिहून लिहूनच उमगलं असणार.

वेळापत्रकाचंही तसंच. पहाटे पाचपासूनचा त्याचा रंगीत तक्ता बघून तू म्हणालीस, "एवढं माझ्याच्याने होत नाही." निम्मं खोडलंस. 'भूमिती करणे' याच्या जागी 'समरूपता, सरावसंच 1.2, पहिली चार उदाहरणं' असं लिहायला शिकवलंस. काम संपलं हे आता त्याचं त्यालाच कळायला लागलं. आईने विचारायचं आणि त्याने चिडायचं, हा आमच्या घरातला रोजचा तमाशा त्यानंतर बराच ओसरला.

आणि फोन! त्याचा फोन काढून घ्या, असं मला पुष्कळांनी सांगितलं होतं. तू स्वतःचा फोन आणून आमच्या फडताळात ठेवलास आणि त्याला म्हणालीस, तुझाही ठेव, दोघं एकदमच घेऊ. ताई, याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचत नाही. त्या वयाच्या मुलाला कुणीतरी आपल्या बरोबरीचं समजलं.

रविवारी अकरा ते एक तो जुनी चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका सोडवायचा आणि तू शेजारी तुझी उत्तरं लिहायचीस. फीचा विषय काढला तर तू बोलूच दिलं नाहीस. जेवायला मात्र थांबायचीस, तेवढंच आमचं समाधान.

त्याचे टक्के मुद्दाम लिहीत नाही. निकालाच्या दिवशी त्याने सगळ्यात आधी फोन तुलाच केला होता. आता अकरावी सायन्सला आहे, अभ्यासाचं त्याचं तो बघतो. धाकट्या चुलतभावाला कोरं पान देऊन बसवतो, तेही तुझ्याच शब्दांत.

मुख्य परीक्षेसाठी आम्हा सगळ्यांकडून मनापासून शुभेच्छा. केंद्र पुण्यात आलं तर उतरायला इकडेच ये. पेपर सकाळचा असला तरी डबा मी करून देईन.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू