माळ्यावरची कॅसेट

नौपाडा, ठाणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, याची लाज वाटते. रक्तदाब गोळीवर आहे, बाकी ठीक. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून घर रिकामे करत असताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत 'मिस्टर व्हँपायर' या हाँगकाँगच्या भुताच्या चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट सापडली. तीच कॅसेट, जी तू हरवलीस असे सर्वांनी ठरवले आणि जिच्यापायी तुझ्या बाबांनी लायब्ररीवाल्याला पगारातून ३०० रुपये भरले.

ती मी घेतली होती, मिलिंद. त्या रात्री तुम्ही सगळे झोपल्यावर दप्तरात घातली. सकाळी परत ठेवीन असे मनात होते, पण सकाळी बाबांचा चढलेला आवाज जिन्यातच ऐकला आणि माझे तोंड उघडले नाही.

तुला त्यातली शवपेटी आठवत असेल. २० वर्षांपूर्वी पुरलेल्या बापाला मुलगा उकरून काढतो, प्रेत कुजलेले नसते, आणि लाम चिंग-यिंग या नटाने केलेला तो जोडभुवयांचा गुरू, प्रेत बाहेर येऊ नये म्हणून, शिष्यांना पेटीवर शाईच्या दोरीने, सुतार मारतो तशा, रेघा मारायला सांगतो. दोघे सगळ्या बाजूंनी मारतात, तळ तेवढा राहतो, आणि प्रेत मोकळे होऊन ताठ हातांनी उड्या मारत सुटते. चूक कोणत्या शिष्याची, यावर आपण गच्चीवर कराटेचा सराव सोडून भांडलो आणि दोन दिवस अबोला धरला. दोघांचीही, असे तू म्हणत होतास. मी एकालाच दोषी धरून बसलो होतो, आणि तेव्हा कॅसेट माझ्या ट्रंकेत होती.

मन्याच्या आजीसमोर त्या चित्रपटातल्या प्रेतांसारखा कपाळाला पिवळा कागद चिकटवून, श्वास रोखून उभा राहिलास, तेव्हा तिने तोच कागद काढून त्यात तुला चिवडा बांधून दिला; ते आठवून काल मी एकटाच मोठ्याने हसलो.

आपण त्या गुरूला म्हातारा समजत होतो. १९८५ साली तो चित्रपट आला तेव्हा लाम जेमतेम ३२ वर्षांचा होता, आणि १९९७ मध्ये ४४व्या वर्षी गेलाही. आपण आज त्याच्याहून मोठे आहोत. तांदळात भेसळ करणारा तो दुकानदार आठवतो? प्रेताने केलेल्या जखमेचे विष चिकट तांदळाने उतरायचे, आणि त्याने चार पैशांसाठी त्यात साधा तांदूळ मिसळला. लहानपणी आपण त्या प्रसंगाला हसलो होतो. काल रात्री तोच प्रसंग डोळ्यांसमोरून हलेना, कारण बाबांच्या अंत्ययात्रेत तुझ्या शेजारून चालतानाही मी गप्प राहिलो होतो.

फितीवर पांढरी बुरशी आहे, म्हणून ती अजून कुठल्याही यंत्रात घातलेली नाही. अनघाची बारावी, तुझी बदली, सगळे सविस्तर कळव. काकूंना मी स्वतः येऊन सांगावे, की आधी तू सांगशील? महिनाअखेरीस किल्ली द्यायची आहे, त्याआधी उत्तर दे. कॅसेट मी तुझ्याच हातात देईन.

तुझा,
अविनाश