सूर्यफूल एकट्याने पेरून चालत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

सूर्यफूल तेल महागलं की पेपरात युक्रेन-रशियाची बातमी येते, पण आमच्या बार्शी, धाराशिव, लातूर पट्ट्यात हेच पीक एकेकाळी शिवारच्या शिवार पिवळं करून टाकायचं त्याबद्दल कोणी लिहित नाही. 1993-94 ला देशात 25 लाख हेक्टरच्या वर होतं, आज पाच लाख पण भरत नाही. सोयाबीन आलं, बाहेरचं स्वस्त तेल आलं, 1997 नंतर नेक्रोसिस या विषाणूजन्य रोगाने दणका दिला, सगळं खरं.

पण आता परत लावावं म्हटलं तर काय होतं ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात मी एक एकर लावलं, आजूबाजूला कोणाचंच नाही. दाणे भरायला लागले आणि राघूंचे थवेच्या थवे यायला लागले, पहाटेपासून नऊ-दहापर्यंत आणि परत चारनंतर, मी या बांधाला डबा वाजवतोय तोवर त्या बांधाची फुलं रिकामी, आईने गोफण घेतली, पोरांनी चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या तरी निम्मं गेलं. पूर्वी गावभर सूर्यफूल असायचं तेव्हा पण पाखरं खायचीच हो, पण नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं, आता सगळी एकाच रानात उतरतात.

तीच गत मधमाशीची. माशी फिरली नाही तर फुलाच्या मधले दाणे पोचट राहतात. मग माशीचं काम आपणच करायचं, सकाळी 8 ते 11 हाताला मऊ फडकं गुंडाळून या फुलावरून त्या फुलावर अलगद फिरवायचं, फरक पडतो पण मजूर कुठून आणायचे? हेक्टरी मधमाश्यांच्या 4-5 पेट्या ठेवल्या तर काम होतं, फक्त फुलोऱ्यात शेजाऱ्यांनी फवारणी करू नये.

पीक तिन्ही हंगामात येतं, 90-100 दिवसांत रान मोकळं. 2025-26 चा हमीभाव 7721 रुपये क्विंटल आहे, पण जवळपास खरेदी केंद्रच नसेल तर व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो, मी तेच केलं.

कृषी खात्याला विनंती आहे की एकेका शेतकऱ्याला बियाण्याची पिशवी देऊन फोटो काढू नका. एका गावात शंभरेक एकर एकाच आठवड्यात पेरायला लावा, लातूरच्या संशोधन केंद्राचं एलएसएफएच-171 सारखं वाण द्या, पेट्या द्या आणि खरेदी केंद्र कुठे असणार ते पेरणीच्या आधी सांगा. उन्हाळी पेरणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असते, आमच्या वस्तीवरचे सात जण आत्ताच तयार आहेत.

आपला,
एक शेतकरी, ता. बार्शी, जि. सोलापूर