मैदान बदला, धनुष्य काढून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फाशांच्या रोलप्लेइंग खेळांवर (एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायची, यश-अपयश फाशांवर ठरवायचे) लेख वाचून फार आनंद झाला. मात्र धनुर्धारी भारी पडतो म्हणून धनुष्यावर बंधने घालावीत, हा त्यातला सल्ला मला मुळीच पटला नाही. डिचोलीत आमच्या ओसरीवर सुटीत मुले 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. खेळ मी चालवते, म्हणजे गोष्ट मी सांगते आणि शत्रूंच्या चाली मी करते.

तक्रार खोटी नाही. २०१४ च्या नियमांत लाँगबो (मोठे धनुष्य) आणि एका हाती धरलेली लाँगस्वर्ड (लांब तलवार), दोन्हींचा घाव आठ बाजूंच्या एकाच फाशाचा. वर लाँगबोचा पल्ला १५० फूट, आणि माणूस एका पाळीत चालतो ३० फूट. शार्पशूटर झालेला, म्हणजे नेमबाजीचे खास कौशल्य घेतलेला, धनुर्धारी नेमाच्या फाशातले ५ सोडून घावात १० मिळवायचा. २०२४ च्या आवृत्तीत ते १० काढले, योग्यच केले. तरी लढाई उघड्या माळावर मांडली की तलवारवाल्या मुलाच्या पाळ्या नुसत्या धावण्यात जातात आणि तो पोचेपर्यंत शत्रू आडवा झालेला असतो. त्या पोराचा पडलेला चेहरा मला बघवत नाही. बाण मोजायला लावूनही काही साधत नाही. भाता २० बाणांचा, आणि आमची लढाई तीन-चार फेऱ्यांत आटोपते.

मी लढाई कुळागरात नेली. इथल्या मुलांना कुळागर समजावून सांगावे लागत नाही : दाट पोफळी, त्यांवर चढलेल्या मिरवेली, मधून पाट, पाटावर एकच साकव आणि पावसाळी धुके. गॉब्लिन (खेळातले बुटके राक्षस) दिसले तेच २० फुटांवर. पोफळीच्या आडोशाने त्यांचा बचाव २ ने वाढला. शार्पशूटर असला आडोसा जुमानत नाही हे खरे, पण चिऱ्यांच्या गडग्यामागे पुरता दडलेला गॉब्लिन त्यालाही टिपता येत नाही. एक गॉब्लिन धनुर्धाऱ्याला येऊन भिडला. शार्पशूटर नसेल त्याने आता बाण सोडायचा तर वीस बाजूंचे दोन फासे टाकून कमी पडेल तो धरायचा! तेवढ्यात तलवारवाली मुलगी म्हणाली, ''बाई, त्याला मी बघते, मग साकवावर उभी राहते.'' तिने त्याला लोळवले आणि साकव अडवला. तिला ओलांडून एकालाही पलीकडे जाता येईना, आणि जो मागे फिरला त्याला तिचा फुकटचा वार बसला. धनुर्धारी तिच्यामागून निवांत नेम धरू लागला. दोघांनाही एकमेकांची गरज पडली, मला हेच हवे होते.

अधूनमधून माळही हवाच. लांबून टिपण्याची हौस कोणाची का मोडायची?

पुढच्या लेखात लढाईची जागा कशी आखावी हे एखाद्या नकाशासह छापावे, ही विनंती. चौकटीच्या वहीचे एक पान पुरते, एक चौकोन पाच फुटांचा.

आपली,
एक शिक्षिका, डिचोली