तुमची सुयांची डबी माझ्याकडेच आहे, अंकल

अंकल,
लेख छापून आला. दिवाळी अंक घेऊन धोबीतलावचे तुमचे तीन मजले दोनदा चढलो, दोन्ही वेळा कुलूप. शेजारी म्हणाल्या, म्हापशाला गेलेत. म्हणून हे असं जाहीर पत्र.

अमेरिकन जॅझ पियानोवादक टेडी वेदरफर्डवर लिहायला घेतलं तेव्हा माझ्याकडे नुसत्या तारखा होत्या. १९०३ चा जन्म. शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात पियानो, १९२६ साली लुई आर्मस्ट्राँगसोबत ध्वनिमुद्रण, आणि त्याच वर्षी गडी पूर्वेकडे निघाला. शांघाय, मुंबईचं ताज, मधेच पॅरिस, शेवटी कोलकात्याचं ग्रँड हॉटेल. तिथेच १९४५ मध्ये पटकीने गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी. ‘शिकागोत राहिला असता तर मोठा झाला असता,’ असं मी ठोकून दिलं होतं. तुम्ही नेमकं तेच वाक्य वाचून चष्मा काढलात. ‘आधी ऐक रे. मग रडगाणं लिही.’

मग तुमच्या वडिलांनी जपलेली त्याची कोलकात्याची लाखेची तबकडी निघाली. ग्रामोफोनला चावी मी दिली. दुसऱ्या बाजूला तीच सुई लावायला गेलो तर हातावर फटका बसला. दर बाजूला नवी सुई लागते हे मला कुठलं माहीत! बँड जरा मागे सरला, पियानो एकटा उरला, तसे तुम्ही जेवणाच्या टेबलावर डावा पंजा पसरलात. करंगळी इकडे, अंगठा दहाव्या पट्टीवर. ‘खालचा सूर, वरचा सूर, परत खाली. ढोलकीवाला नसला तरी चालतं.’ माझा पंजा नवव्यालाच दमला.

त्या तीन मिनिटांनंतर तुम्ही माणसं मोजलीत. १९३४ मध्ये ट्रंपेटवाल्या बक क्लेटनचा बँड शांघायला नेणारा हाच. कोलकात्यात याच्या बँडमध्ये ब्रह्मदेशातून आलेले वादक रुबेन सॉलोमन आणि सेड्रिक वेस्ट, शिवाय ट्रंपेटवर नेपाळी पुष्कर बहादूर, म्हणजे जॉर्ज बँक्स, आपल्या जॅझ पियानोवाल्या लुई बँक्सचे वडील. ‘आता सांग, कोण फुकट गेला?’

ते वाक्य मी काढलं. संपादकांना तेच आवडलं होतं, तरी काढलं.

तर मनापासून आभार. त्या संध्याकाळी सुयांची डबी चुकून माझ्या पिशवीत आली. गोव्याहून परतलात की एक फोन करा. डबी घेऊन येतो. आणि ती दुसरी बाजू आपण शेवटपर्यंत ऐकलीच नव्हती.

तुमचा,
नऊ पट्ट्यांचा पंजा