बाबांचा पॉलिप, आपली जीन्स आणि शिळा भात

प्रिय चिनू,

परवा फोनवर तू विचारलंस की आई, बाबांच्या आतड्यात निघालं ते आपल्या जीन्समध्येच आहे का, म्हणजे मलापण होणार का, आणि मी "जेवलास का" म्हणून विषय बदलला. बाबा शेजारीच बसले होते रे, आणि तपासणीआधी पोट साफ करायला दिलेल्या त्या जुलाबाच्या औषधाच्या रात्रीपासून ते या विषयावर कुणाचं एक अक्षर ऐकून घेत नाहीयेत. आत्ता झोपलेत, म्हणून टाईप करत बसलेय, लांबलं तर लांबलं.

आधी महत्त्वाचं. बाबांचा तो पॉलिप होता, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, कॅन्सर नाही. 7 मिलिमीटरचा, एकच, कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने आतडं आतून बघतात ती) करतानाच काढून टाकला, रिपोर्ट लो ग्रेड अ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर न झालेली पण पुढे होऊ शकेल अशी गाठ, सौम्य प्रकारची. 24 वर्षं मी लॅबमध्ये हेच काम करतेय, फॉर्मॅलिनमधला तुकडा घ्यायचा, मेणाचा ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर (पातळ काप करायचं यंत्र) रिबन कापायची, कोमट पाण्यावर तरंगवून स्लाईडवर उचलायची, हात आपोआप चालतात. पण या वेळी फॉर्मवर आपलं आडनाव दिसलं आणि मी खुर्चीवरून उठले, दुसऱ्या मुलीने कापला. संध्याकाळी आमच्या डॉक्टर मॅडमनी बोलावून स्लाईडवर दाखवला. मोठ्या आतड्याचं चांगलं अस्तर आडवं कापलं ना की रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नीट रांगेत गोल गोल तोंडं दिसतात, क्रिप्ट म्हणतात त्यांना, आणि प्रत्येकीत पांढरे फुगे, ते चिकट स्राव करणाऱ्या पेशींचे. बाबांच्या स्लाईडवर एका बाजूला अशी रांगोळी आणि दुसऱ्या बाजूला, पॉलिपच्या भागात, फुगे जवळजवळ गायब, केंद्रकं लांबट पेन्सिलीसारखी, गडद जांभळी, एकमेकांना खेटून उभी, लोकलच्या दारात उभी असतात तशी.

आता तुझा प्रश्न. काही घराण्यांत खरंच वारसाने येतो मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिंच सिंड्रोम म्हणतात त्याला, पण तिथे पिढ्यानपिढ्या आणि तरुण वयात केसेस दिसतात. आपल्याकडे आजोबांकडून, मामांकडून कुणालाच नाही. बहुतेकांचं असं असतं की आतड्याच्या एखाद्या पेशीत पुढे कधीतरी वयानुसार बिघाड होतो, एपीसी नावाचं जीन बऱ्याचदा पहिलं मोडतं, आणि तो बिघाड मुलाकडे जात नाही. म्हणजे बाबांचा पॉलिप तुला वारशात मिळालेला नाही, त्यांचा हट्टीपणा मात्र पूर्ण मिळालाय.

पण जीन असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं, आणि जेवणाचा संबंध येतो तो इथे. प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, पण तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो. माझी पैठणी घडीत असली की पदरावरचा मोर दिसत नाही, तसंच, घट्ट गुंडाळलेलं जीन पेशीला वाचता येत नाही. हिस्टोनवर अ‍ॅसिटिलचे छोटे टॅग लागले की घडी सैल होते, आणि ते टॅग काढून घडी परत घट्ट करणारी एन्झाईम्सपण असतात. या एन्झाईम्सना अडवणारी एक गोष्ट आपल्या पोटातच तयार होते, ब्युटिरेट. आपल्याला न पचलेला फायबर मोठ्या आतड्यात गेला की तिथले बॅक्टेरिया तो आंबवून हे बनवतात. (नाव बटरवरूनच आलंय, खवट लोण्याचा वास येतो ना, तो याच अ‍ॅसिडचा.)

गंमत म्हणजे आतड्याच्या चांगल्या पेशी ब्युटिरेट इंधन म्हणून जाळतात, त्यांचं मुख्य जेवणच ते. कॅन्सरच्या पेशी मात्र साखरेवर जगतात, ब्युटिरेट फारसं जाळत नाहीत, मग ते आत साठतं, केंद्रकात पोचतं आणि घडी सैल करतं, आणि पी 21 सारखी जीन्स, जी पेशीचं विभाजन थांबवणारा ब्रेक आहेत, ती चालू होतात. एकच पदार्थ एकीला जेवण आणि दुसरीला ब्रेक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डबा तसाच राहिला होता.

आणि तू ज्या गावात राहतोस ना, पिट्सबर्ग, तिथल्याच युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी यावर भारी प्रयोग केलाय, 2015 मध्ये छापून आला. पिट्सबर्गचे 20 आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळच्या खेड्यातले 20 जण घेतले आणि दोन आठवडे चक्क जेवणाची अदलाबदल केली. अमेरिकनांना मका, कडधान्यं, भरपूर फायबर, रोजचा 14 ग्रॅमवरून 55 वर, आणि आफ्रिकनांना सॉसेज, बर्गर वगैरे, बिचाऱ्यांचा 66 वरून 12 वर. सुरुवातीच्या तपासणीत अमेरिकनांपैकी जवळजवळ निम्म्यांना पॉलिप होते, आफ्रिकनांत एकालाही नाही. दोन आठवड्यांनी अमेरिकनांचं ब्युटिरेट अडीच पट झालं, आफ्रिकनांचं निम्म्यावर आलं. अस्तराच्या बायोप्सी घेऊन केआय 67 नावाचा स्टेन (रंग) केला, तो आम्हीपण करतो, विभाजन होत असलेल्या पेशी तपकिरी दिसतात, तर अमेरिकनांमध्ये तपकिरी ठिपके कमी झाले आणि आफ्रिकनांमध्ये वाढले. दोन आठवड्यांत! अर्थात माणसं थोडी, आणि त्यात कॅन्सर मोजलेला नाही, फक्त अस्तर कसं वागतं ते पाहिलंय, एवढं लक्षात ठेवून वाच.

लगेच गोळ्या मागवू नकोस, मी ओळखते तुला. जीन बंद करायची दुसरी एक पद्धत असते, डीएनएवरच मिथाईलचं कुलूप लावायचं, आणि त्यासाठीचा मिथाईल शरीराला फोलेटकडून मिळतो, पालक मेथी डाळी यातून. या कॅन्सरमध्ये कुलपं चुकीच्या जागी असतात, नको तिथली निघालेली आणि डीएनए दुरुस्त करणाऱ्या एमएलएच 1 सारख्या जीनवर लागलेली. मग लोकांना वाटलं द्या फोलिक अ‍ॅसिड. आधी पॉलिप काढलेल्या हजारभर लोकांना उत्तर अमेरिकेत रोज 1 मिलिग्रॅम दिलं, 2007 मध्ये रिझल्ट आला, नवे पॉलिप कमी झाले नाहीतच, उलट काहींना जास्त आणि पुढच्या टप्प्याचे दिसले. वाढायला बसलेल्या पेशीला आयतं खत मिळालं असावं असं म्हणतात. मेथीची भाजी खा, बाटली नको.

आणि तुझा नावडता फोडणीचा भात. शिजलेला भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च असा घट्ट होतो की लहान आतड्यात पचत नाही, रेझिस्टंट स्टार्च, तो थेट बॅक्टेरियांना. शाळेच्या डब्यात दिला की परत आणायचास, आठवतंय? पण शिळ्या भाताची जास्त टिमकी वाजवत नाही, कारण लिंचवाल्या लोकांना हा स्टार्च पावडरीतून रोज 30 ग्रॅम दिला होता त्याचे 2022 चे निकाल असे की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर फरक पडला नाही, बाकीचे कॅन्सर मात्र बरेच कमी झाले. का, ते कोडंच आहे.

तुझ्या फोटोंत मला फ्रीजमध्ये बेकन आणि पेपरोनी दिसतं बरं का, झूम करून बघते मी. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने 2015 लाच प्रोसेस्ड मीट पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर करतं हे नक्की अशा गोष्टींत, टाकलंय, रोज 50 ग्रॅम, म्हणजे साधारण एक हॉट डॉग, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. मुळात तुझ्या वयात धोका छोटा, म्हणून छोट्याचे 18 टक्के, घाबरायचं नाही, पण रोजचं नको. कधीतरी खा, कोल्हापूरला गेल्यावर तांबडा रस्सा मीपण सोडत नाही. राजम्याचा डबा आण, एक कप शिजलेल्यात 10 ग्रॅमच्या वर फायबर आहे. एकदम वाढवू नकोस, गॅस होईल आणि रूममेट घराबाहेर काढेल. तिकडे या कॅन्सरची तपासणी वयाच्या 45 पासून सुरू करतात, तुझ्या डॉक्टरांना बाबांचं एवढं सांगून ठेव, रिपोर्टचा फोटो खाली टाकते.

बाबांनी काल ज्वारीची भाकरी मागून घेतली, मी काही बोलले नाही, ताटात दुसरी वाढली. रविवारी फोन केलास की त्या औषधाच्या रात्रीचं मुद्दाम विचार, पहाटे तीनला बाथरूममधून ओरडून त्यांनी मृत्युपत्र कपाटात कुठे ठेवलंय ते मला सांगितलं होतं.

तुझी
आई