बंड्या, परत सुटली रे

प्रिय बंड्या,

तुझे मेसेज वाचले होते, उत्तर दिलं नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक, शुगर जिथल्या तिथे.

नोकरी परत सुटली रे. कॉन्ट्रॅक्ट संपलं. व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप परत पाठवायचा खोका दारात. आत बबलरॅप, चिकटपट्टी, वर पत्तासुद्धा छापलेला. फार शिस्तीची माणसं! मंजू काही बोलली नाही, म्हणजे समजून घे.

रात्री झोप येईना, तेव्हा एडविन जॅक्सनच्या जुन्या मॅचेस लावून बसलो. बेसबॉल म्हणजे फुलटॉसवर चालणारा खेळ, हे तुझं मत माहीत आहे, ते भांडण परत नको. हा पिचर, म्हणजे त्यांचा बोलर, मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) १४ संघांकडून खेळला. विक्रमच तो, २०२५ मध्ये रिच हिल नावाच्या दुसऱ्या पिचरने पंचेचाळिशीत बरोबरी केली. जॅक्सनची पहिली मॅच ९ सप्टेंबर २००३ ला, त्याच्या विसाव्या वाढदिवशी. समोर रँडी जॉन्सनसारखा दिग्गज पिचर, आणि पोरगा जिंकला! मग सुरू झाली वणवण.

२०१० ला आम्ही फिनिक्सला नवे होतो, तेव्हा तो इथल्या ॲरिझोनाकडे. टँपा बेविरुद्ध ८ जणांना त्याने फुकट बेसवर जाऊ दिलं, १४९ चेंडू टाकले (आपली जवळजवळ २५ षटकं!), पण हिट, म्हणजे फटका मारून गाठलेला बेस, एकही दिली नाही. १-० ने जिंकले. आणि दीड महिनाही झाला नाही, तोच शिकागोला रवानगी. पुढच्या वर्षी तर एकाच दिवसात शिकागोहून टोरंटो आणि टोरंटोहून सेंट लुईस. त्याच मोसमात सेंट लुईसने वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकली. टोरंटोकडून तो खरोखर खेळला ते २०१९ मध्ये, तोच चौदावा संघ.

पिचर म्हणून त्याच्या नावावर एकूण हिशोब १०७ विजय, १३३ पराभव. तरी १७ मोसम कुणी ना कुणी बोलावतच राहिलं. मला छळतंय ते इथेच. हा हवा होता म्हणून बोलावत होते, की जागा रिकामी होती म्हणून? आणि मला? पन्नाशी आली, एका हापिसात नावाची पाटी लागली नाही. आई दर रविवारी विचारते, "पर्मनंट झालास का?" तू बँकेला चिकटलास म्हणून तुला फेव्हिकॉल म्हणायचो, अजूनही म्हणतो, पण परवा रात्री तुझा हेवा वाटला. नानाला सांगू नकोस, गावभर करेल.

सोमवारी ओहायोच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू आहे. मधला एजंट म्हणतो, "रेझ्युमेत कंपन्या फार दिसतात." जॅक्सनचा दाखवू का त्याला?

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूचं इंजिनिअरिंग की कॉमर्स? फोटो पाठव.

आईने तुला फोन केलाच तर प्रोजेक्ट बदलला एवढंच सांग. आणि तो रनआउट तुझ्याच कॉलवर झाला होता, गोट्या साक्षीला आहे.

तुझा,
पक्या